टिटवीची गोष्ट आणि थांबलेला हुंकार

एका नदीकाठच्या रानात एक टिटवी राहत असे. उघड्या वाळूवर तिचा संसार, ना छप्पर ना आडोसा. पण मनात ध्यास एकच, आपण गोष्ट सांगावी! मुलांनो, त्या रानाची रीत मोठी न्यारी होती. उन्हाळ्यात दुपारी सगळे प्राणी उंबराखाली जमत. एकजण दगडावर बसून गोष्ट सांगे आणि बाकीचे "हूं... हूं..." असा हुंकार देत. हुंकार थांबला, की सांगणाऱ्याने मुकाट्याने खाली उतरायचे. दोनदा असे उतरावे लागले, की त्या दगडावर जन्मात पुन्हा चढायचे नाही.

टिटवीने पहिल्या दिवशी सात समुद्र, सोन्याचे महाल आणि उडत्या घोड्यांची गोष्ट सांगितली. माकडाने भलीमोठी जांभई दिली, "हूं" विरत गेले आणि टिटवी खाली उतरली. "उचलली जीभ, लावली टाळ्याला!" माकड खिदळले. म्हाताऱ्या कासवाने मात्र तिला जवळ बोलावले. "पोरी, समुद्र पाहिलास कधी?" टिटवी म्हणाली, "नाही हो आजोबा. पण माझ्याजवळ सांगण्यासारखं आहे तरी काय? चार अंडी, वाळू आणि रात्रंदिवसाची भीती." कासव म्हणाले, "मग त्या भीतीला बोलू दे की. नाव दुसऱ्याचं दे हवं तर."

दुसऱ्या दिवशी टिटवी पुन्हा दगडावर चढली. तिने एका हरिणीची गोष्ट सुरू केली. गवतात तिचे काल जन्मलेले पाडस, समोरून लांडगा येतोय. हरिणी मुद्दाम लंगडू लागली. लांडगा पाडस सोडून तिच्या मागे वळला. ती लंगडत लंगडत त्याला दूर नेऊ लागली, आणि मागे पाडस हाक मारू लागले. अंड्यांपासून शत्रूला दूर नेताना टिटवीने स्वतः किती वेळा पंख मोडल्याचे सोंग केले होते! ती भान हरपून सांगत होती. अचानक तिच्या लक्षात आले, की हुंकार थांबला आहे.

संपले सगळे! मान खाली घालून ती दगडावरून उतरली आणि वाळूकडे चालू लागली.

"अगं ए, चाललीस कुठं?" माकडच ओरडले. त्याचा आवाज कापत होता. "पाडसाचं काय झालं? वाचलं ना ते?"

टिटवी चकित होऊन म्हणाली, "पण हुंकार तर थांबला होता."

तिने वळून पाहिले. सगळे रान तिच्याकडे डोळे लावून बसले होते. एक पानसुद्धा हलत नव्हते.

कासव हळूच म्हणाले, "हुंकार द्यायला श्वास सोडावा लागतो, पोरी. तो आम्ही मघापासून धरून ठेवलाय. चढ वर."

तात्पर्य : न पाहिलेल्या समुद्रापेक्षा स्वतः सोसलेली भीती गोष्टीला जिवंत करते, आणि ऐकणारे गप्प झाले म्हणून गोष्ट अर्ध्यावर टाकू नये.