बर्फाकाठची लुझुला

"बाई, मग 'या खिंडीतून नाहीशी झाली' असं लिहू ना?"

हृषीकेश टिळेकरने पेन उघडलं होतं. खाली उतरायला तासभर उरला होता, आणि तीन दिवस शोधूनही लुझुला सापडली नव्हती. दिसायला गवत, पण गवत नव्हे, अशी ही बर्फाळ मुलखातली वनस्पती. अहवालात 'नाही' गेलं की या उताराचं संरक्षण उठणार आणि रस्त्याचे सुरुंग लागणार, हे त्याला ठाऊक होतं. पण स्वतःच्या डोळ्यांवर त्याचा भारी भरवसा. बाईंच्या विद्यार्थ्यांत आपल्याइतकी झाडं कुणी ओळखत नाही, असं तो स्वतःच सांगायचा.

"कुठे कुठे बघितलंस?" सुमतीबाई गोगटेंनी विचारलं.

"खालच्या कुरणात. एकेक काडी तपासली. काडीला पेर असलं तर गवत, काडी तिधारी असली तर लव्हाळा, आणि पानाच्या कडेला लांब पांढरे केस असले तर लुझुला. पाठ आहे मला, बाई."

"आणि इथे?"

"इथे?" तो हसला. "इथे नुसता बर्फ आणि खडी. इथे काय उगवणार?"

बाईंनी काठी बाजूला ठेवली आणि बहात्तराव्या वर्षी सरळ खडीत पालथ्या झोपल्या.

"बाई! चक्कर आली का?"

बाईंनी शेजारची जमीन थोपटली.

तो नाइलाजाने आडवा झाला. हनुवटीला गार पाणी लागलं. समोरून ऊन येत होतं, आणि दगडांमधल्या बोटभर पानांच्या कडांना पांढरे केस चमकत होते, म्हाताऱ्याच्या कानावर असतात तसे. वर तपकिरी तुरे मान खाली घालून उभे होते. नमुने वाळवायचा त्याचा लाकडी दाब सकाळपासून त्याच झुबक्यावर अर्धा टेकलेला होता.

त्याने दाब उचलला. चेपलेल्या काड्यांतली एक हळूहळू वर आली. लाजेने त्याचे कान तापले, आणि तरी इतका आनंद झाला की डोळे भरून आले.

"बोंडं धरलीत, बाई! बिया आहेत!"

"हं..."

त्याने वही ओढली आणि पालथं पडूनच रकाने भरायला घेतले. "जागा, बर्फाच्या काठची ओली खडी. उंची, चार हजार सहाशे मीटर... झालं?"

"पुढे लिही," बाई म्हणाल्या, "बघणाऱ्याचे डोळे जमिनीपासून चार बोटांवर."