फुलांखाली झाकलेला माग

पूर्वी चंपकनगरात सुबाहू राजाचे राज्य असताना बोधिसत्त्व एका चटई विणणाऱ्याच्या घरी जन्माला आला होता. त्याच्या चटयांना थेट राजवाड्यातून मागणी असे. त्यासाठी लागणारे लव्हाळे नदीपलीकडच्या गावातून येत. तिथली माणसे भारे आणून टाकीत आणि थोडे तांदूळ घेऊन जात. पुराने त्यांची शेते बुडाली की हीच माणसे त्याच्या दारी पंगतीला बसत, आणि बोधिसत्त्व त्यांना पोटभर वाढीत असे.

एका वर्षी पंगतीतली खेमिका नावाची बाई लेकीला मांडीवर घेऊन नुसतीच बसून राहिली.

"बाई, जेवत का नाहीस?" बोधिसत्त्वाने विचारले.

"धनी, आजचं तुम्ही वाढलंत. उद्याचं काय? हिला एका श्रीमंताघरी दासी म्हणून देऊन टाकणार आहे. निदान जगेल तरी."

बोधिसत्त्वाने मुलीच्या वर्षभराच्या पोटापुरते धान्य दिले, आणि आपला सर्वांत चांगला माग त्या गावाला पाठवून दिला.

वर्ष सरले. पुन्हा पूर आला आणि पुन्हा तीच पंगत बसली. खेमिकाही आली, लेकीचा हात घट्ट धरून.

"अगं, आणि माग?"

"आहे की, धनी! मांडव घालून ठेवलाय. रोज फुलं वाहतो. तुमच्या हातची वस्तू, आम्ही अडाण्यांनी मोडली म्हणजे?"

बोधिसत्त्वाला हसू आले, आणि लगेच डोळे भरून आले. त्यांना तरी काय बोलायचे! वस्तू दिली, पण शिकवले कोणी? त्याच्या श्रेणीची, म्हणजे चटई विणणाऱ्यांच्या संघाची, रीतच अशी होती, की चटईचा काठ दार लावून बांधायचा. बाहेरच्याला दाखवील त्याला श्रेणीतून काढून टाकीत.

दुसऱ्या दिवशी तो नदी ओलांडून गेला. मागावरची फुले त्याने हळुवार बाजूला केली, आणि कुऱ्हाड घालून माग मोडला.

"अहो, हे काय केलंत!" खेमिका किंचाळली.

"आता तुमच्या बांबूंचा तुम्हीच उभा करा. मोडलेलं पुन्हा करता येतं, हे एकदा हातांना कळू दे."

मग तो उघड्यावर, चिखलात बसला. त्याने काठ बांधला, सोडला, पुन्हा बांधून दाखवला. खेमिकेचा काठ सारखा सुटे. ती रडकुंडीला आली. "जमेल," तो म्हणाला, "माझ्या बापानं मलाही असंच रडवलं होतं." सगळ्यांचे हात बसेपर्यंत तो तिथेच राहिला.

श्रेणीने त्याला काढून टाकले. राजवाड्याची मागणी गेली. त्याने वाद घातला नाही.

पुढचा पूर ओसरला तेव्हा त्याने घरात उरलेसुरले तांदूळ शिजवले आणि पाने मांडली. दुपार टळली तरी कोणी आले नाही. काळजीने तो नदीवर गेला. चटयांनी भरलेली एक नाव बाजाराकडे चालली होती. नावेत खेमिका होती आणि तिला बिलगून तिची लेक.

"धनी, आज थांबायला वेळ नाही हो!" तिने हाक दिली.

बोधिसत्त्व घरी आला आणि त्या रिकाम्या पंगतीत एकटाच जेवायला बसला. इतके गोड अन्न त्याने कधी खाल्ले नव्हते.

ही कथा सांगून शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाची खेमिका म्हणजे आज गावोगाव सूत कातायला शिकवणारी ही उपासिका सोमदत्ता. तिची लेक या जन्मीही तिच्याशेजारीच बसली आहे. आणि तो विणकर मीच होतो. पंगती वाढून माझे दान पुरे झाले नव्हते. ती पंगत रिकामी राहिली, त्या दिवशी माझी दानपारमिता पूर्ण झाली."