हाक खरी की खोटी?

फार फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा राजेसुद्धा दुसऱ्याचं ऐकून घ्यायचे.

एका रानात वाघ राजा होता. गादीवर बसताना त्यानं सगळ्यांसमोर शब्द दिला होता, "कोणाचाही आवाज मी बंद करणार नाही." (असे शब्द मीही देते, दर सोमवारी, गोड सोडण्याचे.) पण हा शब्द कामाचा होता. वाघ शिकारीला निघाला की झाडावरून वानरं ओरडायची, "खॅक! खॅक!" आणि हरणं पळून वाचायची. राजा नुसता चडफडायचा.

एकदा मोहाच्या झाडाखाली फुलांचा सडा पडला. हरणं मजेत फुलं खात होती. एका वानराला वाटलं, सगळी आपल्यालाच मिळावीत. वाघाचा पत्ता नसताना ते ओरडलं, "खॅक! खॅक!"

हरणं उधळली. त्या पळापळीत एका पाडसाचा पाय मोडला.

सगळं रान चिडून राजाकडे गेलं. "महाराज, या वानरांची तोंडं बंद करा!"

वाघाला आनंद लपवता येईना. "अगदी बरोबर. रानात शांतता हवीच. आजपासून हाक बंद!"

"थांबा," पाडसाची आई म्हणाली. "हाक बंद झाली तर आधी कोण सापडेल? माझं हे लंगडं लेकरू."

"अगं बाई, पण त्या वानरानं खोटी हाक दिली ना?" सांबर म्हणालं.

"मग त्याला शिक्षा करा. बाकीच्यांच्या तोंडाला कुलूप कशाला?"

"बरं," वाघ लाडानं म्हणाला, "मग खोटी हाक कोणती, ते मी ठरवीन."

"महाराज, हाक तुमच्याचबद्दल असते. ती खरी की खोटी, हे तुम्हीच कसं ठरवणार?"

वाघ शेपटीकडे बघायला लागला.

शेवटी निवाड्याचं काम म्हाताऱ्या हत्तिणीला मिळालं. ती हरणं खात नव्हती आणि वाघाला भीत नव्हती. तिनं वानराला सांगितलं, "पाय बरा होईपर्यंत पाडसासाठी कोवळा पाला तू पाडायचास."

"म्हणजे मी आता ओरडूच नको?" वानर कुरकुरलं.

"वाघ दिसला तर घसा फुटेस्तोवर ओरड. मी आहे."

एका दुपारी पाला पाडताना वानराला गवत हललेलं दिसलं. मग पट्टे. आपली हाक पुन्हा खोटी ठरली तर? ते क्षणभर अडखळलं. मग जीव खाऊन ओरडलं. आईनं पाडसाला ढुशा देत काटेरी जाळीत घातलं.

वाघ आला, जाळीकडे बघत राहिला. "सहज फिरायला आलो होतो," म्हणाला आणि उपाशीच परत गेला.

तात्पर्य: स्वातंत्र्याला कुंपण हवंच, पण ज्याला ते स्वातंत्र्य खुपतं, त्याच्या हाती कुंपणाच्या खुंट्या देऊ नयेत.