एकच थवा

फार वर्षांपूर्वी एका रानात निरोप पोचवायचं काम कावळे आणि साळुंक्या करत. कावळ्याने दोन बोरं मागितली, की साळुंकी एका बोरात उडायची. म्हणून तर डोंगरापलीकडे सासरी गेलेल्या लेकीची खुशाली झुमकी खारीला रोज कळायची.

एकदा दोघांनी मिळून सभा बोलावली. "आजपासून आमचा एकच थवा!" कावळ्यांचा म्होरक्या म्हणाला. "भांडण मिटलं, तुमचंच भलं झालं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. झुमकी मात्र भीत भीत उठली. "दादा, निरोपाला बोरं किती घ्याल?"

"ते मागाहून ठरवू."

"आणि नाही परवडलं, तर आम्ही कोणाकडे जायचं?"

"अगं बाई, आमच्याकडेच की!" साळुंकी हसली.

सभेत हशा पिकला, आणि मग हळूहळू सगळेच एकमेकांकडे बघू लागले.

झुमकी कड्यावर बसून सभा ऐकणाऱ्या पारव्यांकडे वळली. "भाऊ, डोंगर ओलांडाल का? एक बोर देईन."

एका पारव्याने पंख पसरून पाहिले.

"अगं झुमके, आम्हीही एकच घेऊ!" म्होरक्या घाईने म्हणाला. "बस बघू खाली."

झुमकी बसली नाही. तिने पारव्याला निरोप सांगायला सुरुवात केली.