दोमुख्यापाशी विचारायची वाट

बाडमेरच्या पुढे गाडीने दोनेक तास गेलं, की वाळूच्या सपाटीवर एकाएकी एक लाल खडक उभा राहतो. त्याला दोमुखा म्हणतात. मावळतीकडून पाहिला तर पाय दुमडून बसलेला उंट, मान वर, खालचा ओठ लोंबलेला. वळसा घालून उगवतीला गेलं की उंट कुठल्या कुठे जातो आणि जात्यावर ओणवलेली बाई दिसते. कॅलेंडरवर नेहमी उंटाचीच बाजू छापतात, त्यामुळे बाई बघून लोक चक्रावतात. आम्हीही चक्रावलो. आमच्या ह्यांनी तर चार वेळा फेरी मारून खात्री करून घेतली.

खडकाच्या सावलीत एक म्हातारी बसली होती. नाव धापूबाई. गावातल्या बायका तिथे पाळीपाळीने बसतात आणि आल्यागेल्याला खडकाची गोष्ट सांगतात. आमचं मराठी कानावर पडताच तिचा चेहरा उजळला. तिचे यजमान जालन्याला सरकीच्या दुकानात कामाला होते, त्यामुळे तिची अर्धी हयात तिकडेच गेलेली.

"फोटो मागून काढा, जावईबापू," ती ह्यांना म्हणाली. "आधी बसा. इथं येणारी प्रत्येक बाई आमची लेक, म्हणून तुम्ही जावई. जावयानं ऐकून घ्यायचं असतं."

हे मुकाट्याने बसले. मग तिने सांगितलं ते असं.

फार जुन्या काळी मावळतीच्या बाजूला भोमजी नावाचा तांड्याचा नायक होता. त्याचा शब्द म्हणजे शब्द. त्याच्या घरात एक कडक रीत होती. सुनेने सासऱ्याच्या कानी आवाज पडू द्यायचा नाही. पडला, तर तिने कायमचं माहेरी जायचं. काही हवं असेल तर सुनेने सासूच्या कानात सांगावं, सासूने पुढे कळवावं. भोमजीचा मुलगा खेतसी हा तांड्याचा वाटाड्या. त्याची बायको सायर, उगवतीकडच्या गावची. लग्नाला आठ महिने झालेले, आणि एवढ्या दिवसांत सासऱ्याने तिचं खोकणंसुद्धा ऐकलं नव्हतं म्हणे.

त्या वर्षी पाऊस आला नाही. भोमजी चाळीस माणसं, उंट आणि शेळ्या घेऊन परमुलखी निघाला. वाटेत दोमुखा लागायचा. त्याच्या कपारीत, ऊन कधीच पोचत नाही अशा जागी, पाण्याचं टाकं होतं आणि ते आटत नसे. सगळी मदार त्या टाक्यावर होती. पण तिसऱ्या दिवशी वाळूचं वादळ उठलं आणि दोन दिवस थांबलंच नाही. निवळलं तेव्हा ओळखीची एकही टेकडी जागेवर राहिली नव्हती. पखालींत संध्याकाळपुरतं पाणी होतं.

खेतसीची नजर बसलेला उंट शोधत होती. लहानपणापासून त्याने दोमुखा मावळतीकडूनच पाहिलेला. वादळात भरकटून आपण खडकाच्या पलीकडे पोचलो आहोत, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. दुपारी उजव्या हाताला दूर एक खडक दिसला. खेतसीने डोळ्यांवर हात धरून पाहिलं आणि म्हणाला, "हा आपला नव्हे. चला पुढं."

मागच्या उंटावर सायर बसली होती. तिने घुंघटाआडून पाहिलं. जात्यावरची बाई! याच खडकाखाली ती लहानपणी शेळ्या राखायची. टाक्याच्या काठावर कुठे पाय घसरतो हेसुद्धा तिला ठाऊक होतं.

तिने सासूच्या कानात सांगितलं. सासूने ते भोमजीला कळवलं. भोमजी मोठ्याने हसला.

"माहेर सुटून आठ महिने झाले," तो म्हणाला. "आता तिला दगडादगडात माहेर दिसणार!"

सगळा तांडा हसला आणि पुढे चालू लागला. खडक हळूहळू पाठीमागे जाऊ लागला. सायरने पुन्हा सासूला विनवलं. सासू म्हणाली, "एकदा सांगून पाहिलं ना गं. आता ते ऐकायचे नाहीत." शेजारच्या उंटावर एक तान्हं मूल रडत होतं. काही वेळाने ते रडायचंही थांबलं.

तेव्हा सायर उंटावरून उतरली. वाळूतून धावत तांड्याच्या पुढे गेली आणि सासऱ्याच्या उंटासमोर उभी राहिली. पायाखालची वाळू पोळत होती, पण त्याहून जास्त भीती तिला पुढच्या शब्दाची होती, असं सांगतात. संसार सुटणार हे तिला कळत होतं. तरी ती बोललीच.

"मामंजी, पाणी मागं राहिलं. तो दोमुखाच आहे."

एवढंच. पण चाळीस माणसांनी ऐकलं. भोमजी दगडासारखा बसून राहिला. वाटाड्याला वाट शिकवणं हा वाटाड्याचा मोठा अपमान, त्यातून शिकवणारी बायको. सगळे खेतसीकडे बघू लागले. तो बायकोकडे बघत होता. मग त्याने उंटाची वेसण फिरवली.

खडकाला वळसा घातला आणि बसलेला उंट दिसला, तेव्हा म्हणे खेतसी लाजेने कान धरून खाली बसला. टाकं काठोकाठ भरलेलं होतं. माणसं प्यायली, जनावरं प्यायली. तान्ह्याच्या ओठांना भिजलेला पदर लावला, तसं ते पुन्हा रडू लागलं. त्या दिवशी त्या रडण्याचा आनंद सगळ्यांना झाला.

पण रीत ती रीत. सकाळी तांडा निघायच्या वेळी सायरने आपलं गाठोडं वेगळं काढलं. तिचं माहेर तिथून अर्ध्या दिवसावर होतं. खेतसीही उंटावरून उतरून तिच्याजवळ येऊन उभा राहिला. "वाट चुकलेला वाटाड्या तांड्याला कशाला हवा?" तो म्हणाला. सासू रडत होती. भोमजी उंटावर बसला, वीसेक पावलं गेला आणि थांबला.

म्हातारा खाली उतरला, चालत सुनेपर्यंत आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,

"सूनबाई, पुढची वाट कुठली?"

सायरला काय करावं कळेना. तेव्हा तो म्हणाला, "सासऱ्यानं विचारलंय. उत्तर द्यायला नको?"

सायरने हात करून वाट सांगितली, पहिल्यांदा हळू आणि मग चांगली मोठ्याने. त्या दिवसापासून ती पुढच्या उंटावर खेतसीच्या शेजारी बसू लागली. पाऊस झाल्यावर तांडा परत आला आणि दोमुख्याच्या पायथ्याशीच राहिला. तेच हे गाव.

धापूबाई थांबली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ती हसत होती.

आजही दोमुखा बघायला आलेलं जोडपं तसंच निघून जात नाही. नवऱ्याने बायकोसमोर उभं राहायचं, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारायचं आणि ती सांगेल त्या वाटेने जायचं. एकीने म्हणे थेट जोधपूरच्या साड्यांच्या दुकानाची वाट सांगितली होती. तो बिचारा गेला.

"उठा, जावईबापू," धापूबाई म्हणाली.

हे उठले. टोपी काढून हातात धरली. आमच्या लग्नाला एकतीस वर्षं झाली. माझ्यावर ह्यांचा जीव आहे, यात शंका नाही. पण कुठे जायचं हे मला कधी कुणी विचारलं नव्हतं, आणि ते मलाही जाणवलं नव्हतं. हे घसा खाकरून म्हणाले, "पुढची वाट कुठली?"

मला भरूनच आलं. वाट काही मला ठाऊक नव्हती. मी उजवीकडे बोट दाखवलं. अकरा किलोमीटर गेल्यावर रस्ताच संपला आणि हे शीळ घालत गाडी वळवू लागले.