शेगडीचा पहिला जाळ

भैरवगड संस्थानात त्या वर्षी कडाक्याची थंडी पडली आणि महाराजांच्या वृद्ध आईसाहेबांचा खोकला थांबेना. त्यांच्या दालनात लाकडे जाळायची लोखंडी शेगडी बसवण्याचे ठरले. चिमणा लोहारणीने वीस हिवाळे वापरलेली शेगडी आणली; कारभारी त्र्यंबकपंतांनी मेहुण्याच्या कारखान्यातील चकचकीत नवी शेगडी महाराजांपुढे मांडली.

“महाराज, जुने लोखंड कधी तडकेल, याचा भरवसा काय?” पंत गरजले.

“सरकार, तडकायचे ते पहिल्याच जाळात तडकते,” चिमणा म्हणाली. “म्हणून आम्ही नव्या शेगडीला पहिला जाळ उघड्या अंगणात देतो.”

“अडाणी समजूत! नवी शेगडी थेट दालनात पेटवावी. कसलाही धोका नाही.”

“मग पंत, आज ती तुमच्याच घरी पेटवू. उद्या आईसाहेबांकडे नेऊ.”

पंत दचकले. “छे, छे! माझ्या घरी लेकरे आहेत!”

“आणि आईसाहेबांचे लेकरू तर समोरच बसले आहे, पंत.”

महाराज खदखदून हसले. संध्याकाळी आईसाहेब जुन्या शेगडीपाशी निवांत शेकत बसल्या. नवीला पहिला जाळ अंगणातच मिळाला. लाकडे सारण्याचे काम महाराजांनी पंतांकडे सोपवले होते. पंतांनी ते लांब काठीने पार पाडले.