शतावरीचा गड्डा

झाडं-वेली जनावरांशी बोलत असत, त्या काळातली गोष्ट. एका टेकडीच्या उतारावर राई नावाची साळिंदरीण राहत होती. साल दुष्काळाचं होतं. राईला दोन पिल्लं झाली, पण दूध काही उतरेना. शतावरीच्या मुळ्या खाल्ल्या की दूध येतं, हे तिला आईने सांगितलं होतं. साऱ्या उतारावर शतावरीची एकच वेल उरली होती. राई तिच्या बुडाशी उकरू लागली.

"कडेच्या मुळ्या घे," शतावरी म्हणाली, "पण मधला गड्डा राहू दे. त्यातूनच मी पुन्हा फुटते."

"मी ठेवला तर माझी जाऊ येऊन खाईल. तिचेही दिवस भरलेत."

"खाईलही. पण तुझ्याआधी आलेल्यांनी असाच विचार केला असता, तर आज मी तुला भेटले असते का?"

राई थबकली. तिने कडेच्या मुळ्या खाल्ल्या आणि गड्ड्यावर माती लोटली. हळूहळू दूध आलं, पिल्लं पोटभर प्यायली.

पुढे जाऊ बाळंत झाली. तिचीही पिल्लं भुकेने किरकिरताना राईने ऐकली. वेल दाखवावी की लपवावी, तिला ठरवता येईना. शेवटी ती जावेच्या बिळाशी गेली आणि म्हणाली, "चल, कुठून उकरायचं ते दाखवते."